पंधरा निळ्या काचा

१

चोरीच म्हणायची तर ही चोरी फार विचित्र होती. कुलूप तुटलं नव्हतं, कपाट उघडं नव्हतं, एक कागदही गहाळ नव्हता. नाहीसा झाला होता तो फक्त रंग. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी हे ताईच्या लक्षात आलं.

ताई म्हणजे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चिकटवायचे आणि रंगवायचे, हे काम ती वीस वर्षं करत होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. खरी ताई मात्र ती एकीचीच होती, अकरा वर्षांनी लहान असलेल्या धाकटीची. आणि आत्ता समोर असलेली काच धाकटीच्या छातीतल्या गाठीची होती.

खरं तर ही काच तिने बघायचीच नव्हती. नात्यातल्या माणसाचा नमुना हाताळायचा नाही, हा नियम नव्या लोकांकडून तिनेच घोकून घेतलेला. पण आज दुपारी चार वाजता धाकटीला पहिलं औषध चढवणार होते. रात्रभर ताईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा स्वतः बघू दे, मग गुपचूप जागेवर ठेवीन, असं म्हणून तिने काच उचलली होती.

रिपोर्ट होता ‘हार्मोन निगेटिव्ह’. म्हणजे गाठीच्या पेशींत हार्मोन पकडणारा भाग नाही, म्हणून गोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून ते जालीम औषध. त्यानंतर मूल होईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. गाठीत तपकिरी रंग निघाला असता तर शस्त्रक्रिया आणि गोळ्यांवर भागलं असतं. पाळणा लांबला असता, पण हलला असता. धाकटीच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. तिने कागदावर सही केली, घरी आली आणि छोट्या खोलीसाठी आणलेला पडदा घडी करून कपाटाच्या तळाशी टाकला.

ताईने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. गाठ निळी. इकडून निळी, तिकडून निळी. निळा रंग पेशी दिसाव्यात म्हणून सगळ्याच काचांना देतात; उत्तर असतं ते तपकिरीत. चला, रिपोर्ट बरोबर आहे म्हणायचा, असं मनाशी म्हणत तिने सवयीने काच कडेला सरकवली. तिथे गाठ संपून निरोगी भाग लागत होता. दुधाच्या चार-पाच नलिका दिसत होत्या, गोल गोल.

त्याही निळ्याच होत्या.

निरोगी नलिकांत हार्मोन पकडणाऱ्या पेशी थोड्याफार असतातच. तिथे तपकिरी ठिपके दिसायलाच हवेत. तिथेच रंग नाही, तर गाठीत रंग नाही याला काडीचा अर्थ उरत नाही. ही काच रंगलीच नव्हती. आणि तिच्या भरवशावर चार वाजता धाकटीच्या हातात सुई जाणार होती.

२

“कंट्रोल पास आहे,” मॅडम म्हणाल्या.

मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. रिपोर्टवर सही त्यांची. त्यांनी कंट्रोलची काच ताईसमोर सरकवली. प्रत्येक बॅचबरोबर एक अशी काच रंगवतात, जिच्यात रंग येणारच हे आधीपासून माहीत असतं. ती रंगली की सगळी बॅच रंगली असं धरतात. ही काच तर काय सुरेख तपकिरी झाली होती.

“त्याच दिवसाची, त्याच बाटल्यांची. हिच्यात रंग आला आणि तुमच्या बहिणीच्या काचेत नाही. मग याचा अर्थ काय होतो, ताई?”

“पण नलिका बघा ना, मॅडम.”

मॅडमनी पाहिलं. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्या सावकाश म्हणाल्या, “नलिका चार आहेत. चारच. एखाद्या बाईत नसतातही. आणि दुसरं म्हणजे, या काचेला तुम्ही हात लावायचा नव्हता. हे मला लिहावं लागेल, माहितेय ना?”

नोकरी गेली तर धाकटीच्या औषधपाण्याचं काय, हा विचार ताईच्या मनात येऊन गेला. तरीही ती जागची हलली नाही.

“पुन्हा रंगवू द्या.”

“कशाने? त्याच बाटल्यांनी? मग तेच येईल. काय बिघडलं ते कळल्याशिवाय पुन्हा करण्यात काय हशील?” मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. “रंगवायला साडेचार तास लागतात. चारच्या आत उत्तर हवं असेल तर अकराला सुरुवात व्हायला हवी. अकरापर्यंत मला कारण आणून द्या. रडू नका, कारण आणा.”

ताई बाहेर आली. भिंतीवर तिनेच दहा वर्षांपूर्वी लिहिलेला रंगकामाचा तक्ता होता. ती तो पाठ असूनही वाचत राहिली. आधी प्रायमरी अँटीबॉडी घालायची. ती जाते आणि हार्मोनच्या जागा हुडकून तिथे चिकटून बसते, पण डोळ्यांना दिसत नाही. मग सेकंडरी. हिच्या अंगाला रंगाची खूण जोडलेली असते. ती प्रायमरीला चिकटते आणि शेवटचा थेंब टाकला की तिथे तपकिरी रंग उमटतो. सेकंडरीला गाठ कळत नाही की हार्मोन कळत नाही. प्रायमरी कुठल्या प्राण्याकडून आली, तेवढंच तिला कळतं. सशाकडून आलेलीला लाल झाकणाची बाटली, उंदराकडून आलेलीला निळ्या झाकणाची.

त्या छोट्या बाटल्या दर सोमवारी मोठ्या बाटलीतून कोण भरायचं? ताईच. म्हणजे चूक तिच्याच हातून झालेली असू शकत होती.

३

तिने आधी धाकटीला फोन लावला.

“आजचं उद्यावर ढकलता येईल का गं?”

“का? काय झालं?”

“काही नाही. सहज विचारलं.”

“तू सहज काही विचारत नाहीस. ताई, दोनदा पुढे ढकललंय आधीच. आता कशीबशी हिंमत गोळा करून बसलेय. ती सांडली ना, तर परत नाही गोळा होणार माझ्याच्याने. डॉक्टर थांब म्हणाले तर थांबेन. तू नुसती घाबरून सांगत असशील तर नको सांगूस.”

ताईने फोन ठेवला. ती घाबरलेलीच होती, यात खोटं काय?

शीतकोठीत थंडोबा बसला होता. बाटल्यांची आवक-जावक सांभाळणारा हा माणूस. आग लागली तरी आधी बुटाची नाडी बांधेल असा, म्हणून थंडोबा.

“अरे, गेल्या तीन-चार आठवड्यांत फ्रीज बंद पडला होता का? खरं सांग. अँटीबॉडी गरम झाली की मेली.”

“ताई, सकाळी सकाळी शाप देताय होय!” त्याने तापमानाचा कागद उलगडला. रेघ सरळ होती, कुठे टेंगूळसुद्धा नाही. “वीज गेलीच नाही. गेली असती तर जनरेटर आहे.”

“हार्मोनची प्रायमरी?”

“ती नवी आहे. जुनी कंपनी माल देईना, म्हणून दुसऱ्या कंपनीची मागवली. तीन आठवडे झाले. काम तेच, नाव तेच.” त्याने बाटली काढून दाखवली. तिच्यावर त्याचं ठसठशीत स्टिकर होतं, तारीख आणि क्रमांक घातलेलं, चारी कोपरे नीट दाबून बसवलेलं. स्टिकरांचा त्याला भारी अभिमान. “माझ्या बाटल्या कशा शाळेत निघालेल्या पोरांसारख्या दिसतात बघा.”

“जुनी बाटली कुठेय?”

“संपली. नवी उघडली त्याच दिवशी. रंगवायला घड्याळकाकांनी घेतली, रजिस्टरात त्यांची सही आहे.”

म्हणजे तीन आठवडे. ताईने मनातल्या मनात काचा मोजल्या आणि ती पळतच काचांच्या कपाटाकडे गेली.

४

नवी बाटली येण्याआधीच्या महिन्यातल्या आठ काचा तिने काढल्या. आठही काचांत नलिकांमध्ये तपकिरी ठिपके. गाठी कुठे तपकिरी, कुठे निळ्या. सगळं जसं असायला हवं तसं.

मग नंतरच्या काढल्या. पहिली निळी. दुसरी निळी. तिसरीत नलिका होत्या, त्याही निळ्या. सहावीही निळी. चौदा काचा होत्या. धाकटीची धरून पंधरा. तीन आठवड्यांत एकाही बाईच्या काचेत रंग नाही, आणि पंधराही रिपोर्ट निगेटिव्ह गेलेले. निम्म्यांवर मॅडमची सही, निम्म्यांवर मॅडम रजेवर असताना आलेल्या बदली डॉक्टरांची. दोघांनाही वाटलं असणार, एखादा आठवडा असतो असा.

यादीत एका नावापुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं: औषधाचे दोन डोस झाले, तिसरा उद्या.

इतका वेळ तिला एकाच बाईची भीती वाटत होती. आता पंधरा जणी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

पण रडायला वेळ नव्हता. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने त्याच दिवसांतल्या दुसऱ्या एका तपासणीच्या काचा पाहिल्या. तीही सशाची प्रायमरी, तिलाही लाल झाकणाचीच सेकंडरी. सगळ्या झक्क तपकिरी. म्हणजे लाल झाकणाची बाटली ठणठणीत होती. सोमवारी भरताना तिच्या हातून काही बिघडलं नव्हतं. तिने एक मोठा श्वास सोडला.

मग उरली नवी प्रायमरी. ती मेलेली असेल तर? तर कंट्रोलची काचही निळी यायला हवी होती. पण तीन आठवड्यांतल्या सगळ्या कंट्रोलच्या काचा तपकिरी होत्या. ताईने त्या ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. एकच बाटली, एकच दिवस, एकच माणूस. बायकांच्या काचा निळ्या आणि कंट्रोल तपकिरी. असं कसं होईल?

नाहीच होणार. एका बाटलीने हे होऊच शकत नाही.

“बाटल्या दोन आहेत,” ताई मोठ्याने म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली.

५

घड्याळकाका रंगकामाच्या टेबलाशी उभे होते. दोन्ही मनगटांवर घड्याळं, गळ्यात टायमर. तीस मिनिटं म्हणजे तीस, एकतिसावं नाही. पंधराही काचा त्यांनीच रंगवल्या होत्या.

“काका, कंट्रोलच्या काचेला कुठली प्रायमरी घालता?”

“हार्मोनची. दुसरी कुठली?”

“नवी की जुनी?”

“जुनी संपली. रजिस्टर बघा.”

“बघितलं. तुमची सही आहे.” ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “काका, माझ्या बहिणीची काच आहे त्यात. चार वाजता तिला औषध देणारेत. आणखी चौदा बायका आहेत. एकीला दोन डोस झालेत. मला ओरडायचं नाहीये तुमच्यावर. फक्त सांगा.”

टायमर वाजायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळकाकांनी तो बंद केला नाही. मग ते फ्रीजकडे गेले, आणि मागच्या रांगेतून करंगळीएवढी एक नळी काढून त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवली. तळाशी जेमतेम चार थेंब होते.

“जुन्या बाटलीतली शेवटची. कंट्रोलपुरती ठेवली होती,” ते म्हणाले. “कंट्रोलच्या ठोकळ्यात आता नखाएवढा तुकडा उरलाय. अनोळखी बाटलीवर तो कसा उधळू? आणि कंट्रोल नापास झाला की सगळे माझ्याकडे बघतात, ताई. गेल्या वर्षी बघितलं होतं, आठवतंय? सगळ्यांसमोर. तेव्हापासून काच काढताना माझे हात थरथरतात. म्हटलं, हार्मोन तोच, काम तेच, मग काय फरक पडतो? मी फसवलं नाही हो. मी सांभाळत होतो.”

“पण रजिस्टरात एकच बाटली लिहिलीत.”

“लिहिली,” ते खाली बघत म्हणाले.

ताईला त्यांचा संताप आला, आणि त्यांची कीवही आली. पण कोडं अजून अर्धंच सुटलं होतं. जुनी चालते, मग नवी का चालत नाही? थंडोबा तर शपथेवर सांगत होता की ती गार होती. तिने नवी बाटली हातात घेतली. थंडोबाचं ते देखणं स्टिकर. तिने नखाने त्याचा कोपरा उचलला, आणि ओढून काढलं. खाली कंपनीची बारीक छपाई होती. अँटीबॉडीचं नाव. मात्रा. आणि त्याखाली, स्टिकरने बरोबर झाकलेला शब्द: उंदीर.

जुनी सशाची होती. नवी उंदराची.

ताईच्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. पंधराही काचांत नवी प्रायमरी मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसली होती. मग आली लाल झाकणाची सेकंडरी, जी फक्त सशाला ओळखते. तिला चिकटायला कुणी दिसलंच नाही. काच धुतली, आणि रंगाची खूण पाण्याबरोबर वाहून गेली. कंट्रोलच्या काचेत तेवढा जुना ससा होता, म्हणून ती तपकिरी झाली.

“काका, उंदराच्या प्रायमरीला लाल झाकण घातलंत तुम्ही.”

“तक्त्यात लाल लिहिलंय, ताई,” घड्याळकाका भिंतीकडे बोट दाखवत हळूच म्हणाले. “हार्मोन, लाल झाकण. तुमच्याच अक्षरात.”

नवी बाटली आली तेव्हा तक्ता बदलायचं काम ताईचं होतं. त्या आठवड्यात ती धाकटीबरोबर या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे हिंडत होती.

६

अकराला पाच कमी असताना ताईने मॅडमच्या टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या: करंगळीएवढी नळी, सोललेली बाटली आणि चौदा नावांची यादी. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन उचलला आणि धाकटीच्या डॉक्टरांना सांगितलं, “माझ्याकडून कळल्याशिवाय सुई लावू नका.”

प्रत्येक ठोकळ्याचे दोन जादा काप ठेवायची पद्धत होती, म्हणून बरं. पंधरा काप काढले. कंट्रोलच्या त्या नखाएवढ्या तुकड्याचेही दोन घेतले: एकाला नवी प्रायमरी आणि निळ्या झाकणाची सेकंडरी, दुसऱ्याला नुसती सेकंडरी. नुसत्या सेकंडरीने रंग आला असता तर कुठल्याच रंगावर विश्वास ठेवता आला नसता. काचा घड्याळकाकांनीच रंगवल्या. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. धाकटीच्या काचेला ताईने हात लावला नाही. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. कुणीतरी दिलेला चहा तिच्या हातात गार झाला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मॅडम सूक्ष्मदर्शकाशी बसल्या.

“कंट्रोल तपकिरी. नुसती सेकंडरी निळी.” म्हणजे आता रीत बरोबर होती. “एक नंबर, तपकिरी. दोन नंबर, अरे देवा, गच्च तपकिरी. तीन नंबर निळी, पण नलिका रंगल्यात, म्हणजे ही खरी निळी.” त्या बोलत गेल्या आणि थंडोबा लिहीत गेला. चौदांत दहा तपकिरी निघाल्या. दोन डोस झालेली बाई त्या दहांत होती.

पंधराव्या काचेशी मॅडम थांबल्या.

“नलिका तपकिरी आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमचं बरोबर होतं.”

“आणि गाठ?”

मॅडम खुर्चीवरून उठल्या. “या. तुम्हीच बघा. नियम मोडल्याचं मी आज लिहिणार नाही.”

ताई बसली. नलिका किती सुंदर रंगल्या होत्या! एकेक ठिपका मोजून घ्यावा असा. तिने काच सरकवली. गाठ निळी होती. तिने काच वर नेली, खाली नेली, चारही कडा पाहिल्या. कुठेतरी एक ठिपका, एक तरी. गाठ निळीच होती. धाकटीचा रिपोर्ट चुकीच्या रीतीने लिहिला गेला होता, आणि तरी खरा होता.

चार वाजता ताई उपचारांच्या खोलीत पोहोचली. धाकटी आरामखुर्चीत बसली होती, शेजारी तिचा नवरा पाण्याची बाटली धरून उभा. ताईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाटली, ससा, उंदीर, तक्ता. आपली चूकसुद्धा. आणि शेवटी गाठ.

धाकटीने ओठ घट्ट मिटले. डोळे भरून आले तशी ती खिडकीकडे बघायला लागली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“म्हणजे माझ्यासाठी काहीच बदललं नाही,” ती म्हणाली.

“नाही गं.” ताई तिच्याशेजारी बसली. “मला वाटलं होतं, बदलेल. खूप वाटलं होतं.”

“मला भीती वाटतेय, ताई.”

“मलापण.”

नर्सने सुई लावली. बाटलीतून पहिला थेंब पडला, मग दुसरा. ताई धाकटीचा मोकळा हात धरून त्या थेंबांकडे बघत राहिली.

“बाकीच्यांचं काय झालं?” धाकटीने विचारलं.

“दहा जणी तपकिरी निघाल्या.”

“त्यांना कळलंय?”

“मॅडम त्यांच्या डॉक्टरांशी बोलतायत. त्या बायकांना फोन मी करणार आहे. जाईन थोड्या वेळाने.”

“थोड्या वेळाने?” धाकटीने हात सोडवून घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज लहानपणी भांडताना असायचा तसा होता. “दहा जणी माझ्यासारख्या घाबरून बसल्या असतील, आणि तू इथे माझ्या बाटलीतले थेंब मोजतेयस? ऊठ. आधी फोन कर, मग ये. मी कुठे पळून जातेय!”

ताई बाहेरच्या बोळात आली. तिने यादीतला तो पहिला नंबर लावला, दोन डोस झालेल्या बाईचा. एका घंटीतच फोन उचलला गेला.

“प्रयोगशाळेतून बोलतेय.”

“काय झालं?” पलीकडचा आवाज एवढासा झाला. “आता आणखी काय झालं?”

“घाबरू नका,” ताई म्हणाली, आणि बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसली. “उद्याचं औषध घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांना आमच्या मॅडमनी सांगितलंय. तुमचा रिपोर्ट आम्ही चुकीचा दिला होता.”